सूर्यासारखा तारा गच्चीवरून दिसेल का?

धरमपेठची आई: मुलगी सातवीत आहे. सूर्याचा जुळा तारा दाखव म्हणून मागे लागलीय. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवरच झोपतो. तिथून दिसेल?

रात्रपाळी: ताई, वृश्चिकेतला १८ स्कॉर्पिआय दाखवा. अंतर सुमारे ४६ प्रकाशवर्षं. वस्तुमान सूर्याहून किंचित जास्त, पृष्ठभागाचं तापमान जवळपास तेवढंच, ५,८०० केल्विनच्या आसपास. त्यात लिथियम मात्र सूर्याच्या साधारण तिप्पट आहे, आणि मला खरी गंमत यातच वाटते. असे तारे जसे म्हातारे होतात तसं त्यांचं लिथियम जळून संपत जातं, म्हणजे हा आपल्या सूर्याहून तरुण असावा. तिला हे नक्की सांगा!

त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ५.५ आहे (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), त्यामुळे शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायचा. बायनॉक्युलर लागेल. मे महिन्यात रात्री अकरानंतर दक्षिणेला आधी लाल ज्येष्ठा, मग अनुराधेचे तारे शोधा. त्यातल्या सगळ्यात वरच्या ताऱ्यापासून उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरा जास्त सरका.

काटोलकर: ताई, पोरीला घेऊन आमच्या शेतावर या. संत्र्याच्या बागेपलीकडे एक दिवा नाही. फक्त मृग लागायच्या आत या, मग ढग काही पाहू देत नाहीत.