जुन्या बिलिंग प्रणालीतील कालबाह्य पर्याय काढावेत का?

प्रश्न (पणजी): आमच्या हॉटेल-बिलिंग प्रणालीच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) व्हॅट, लक्झरी कर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे पर्याय १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून तसेच पडून आहेत. ते सरसकट काढून टाकावेत का?

उत्तर (म्हापसा): सरसकट मुळीच नको. लक्झरी कर जीएसटीत विलीन झाला, तो पर्याय जाऊ द्या. परंतु मद्य जीएसटीबाहेर असल्याने बारच्या बिलाला व्हॅट आजही लागतो, आणि तो पर्याय काढलात तर मद्यावरचा करच बिलातून गायब होईल.

उत्तर (मडगाव): केवळ कोडमध्ये नाव शोधून थांबू नका. आमच्याकडे पर्यायाचे नाव दोन तुकडे जोडून तयार होत असे. शोधात ते सापडले नाही आणि पर्याय काढताच रात्रीचा हिशेब अडला. आधी एक आवृत्ती अशी द्या, की पर्याय वाचला गेल्यास लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदींमध्ये) इशारा उमटेल, आणि मार्चअखेरचा हिशेब होईपर्यंत थांबा.

प्रश्नकर्ता: काढलेल्या पर्यायाचे रिकामे झालेले नाव नव्या सोयीसाठी वापरले तर चालेल का?

उत्तर (म्हापसा): कदापि नाही. २०१२ साली नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीने जुना फ्लॅग (चालू-बंद करणारा पर्याय) पुन्हा वापरला, एका सर्व्हरवर त्याच फ्लॅगने सुरू होणारा जुना कोड राहून गेला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले.