न्हाणीत साप निघाला! सुट्टीवर असताना तुम्हाला कोण कोण भेटलं?

घरकोंबडी

गेल्या शनिवारची गोष्ट. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे तीन दिवसांसाठी डोंगरातल्या एका रिसॉर्टवर होतो. प्रत्येकाला सुटं कॉटेज आणि मागच्या बाजूला उघडी न्हाणी. उघडी म्हणजे भिंती आहेत, छप्पर नाही. फोटो पाहून 'आकाशाखाली अंघोळ' या कल्पनेवर मीच भाळले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या नावावर जमा आहे.

रात्री साडेदहाला धाकट्याला तिकडे नेलं. तो म्हणाला, "आई, ही दोरी हलतेय."

बेसिनच्या वर, दिव्याशेजारी, हातभर लांबीचा तपकिरी-काळा साप. अंगावर पांढरे आडवे पट्टे. मी पोराला काखोटीला मारलं, बाहेर आले, दार ओढलं आणि मग माझे पाय लटपटायला लागले. नवरा म्हणाला मण्यार. सासरे म्हणाले, मण्यार कशाला भिंतीवर चढेल? रिसेप्शनवरचा मुलगा काठी घेऊन धावत आला, त्याला सासऱ्यांनी काठीसकट परत पाठवलं. सर्पमित्र यायला पाऊण तास लागला. तोवर साप पाणी जायच्या जाळीतून पसार. जाळी अर्धी मोडलेली होती, हे आम्हाला तेव्हा दिसलं. पुरावा म्हणून दाराच्या फटीतून काढलेला एक हललेला फोटो आहे, बस.

सासूबाई या सगळ्यात कुठे होत्या म्हणाल, तर आपल्या कॉटेजमध्ये कडी लावून, पलंगावर पाय वर घेऊन.

कोणता साप असेल? आणि तुमच्याही सुट्टीत असं कोणी भेटलं असेल तर लिहा. साप, माकड, विंचू, काहीही चालेल. मला आपण एकटेच नाही असं वाटायला हवंय.

रानभूल

फोटो जरा मोठा करून टाकता येईल का? माझा अंदाज कवड्या, म्हणजे विषारी मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप. सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, मण्यार बहुतेक वेळ जमिनीवरच फिरते आणि कवड्या भिंतीवर सराईतासारखा चढतो. पण नुसतं एवढ्यावर ठरवू नका. पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट. डोक्यामागे थोडं अंग कोरं, मग बारीक पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे जास्त ठळक. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते, पण ती दिसेल इतकं जवळ जायचंच नाही. पट्टे झिजून गेलेली मण्यारही सापडते. म्हणून सापाला हात लावायचा प्रश्न आला की उत्तर एकच, लावायचा नाही.

तो दिव्याशेजारीच का होता ते सांगतो. एकदा मी एका रिसॉर्टच्या व्हरांड्यात पाय वर घेऊन दोन तास नुसता बसलो होतो. बायको आत झोपलेली, नेटवर्क नाही, दुसरं काही करायला नव्हतं. समोर बागेतला पांढराशुभ्र दिवा. आठ वाजता पतंग आणि पंखवाल्या मुंग्या. साडेआठला भिंतीवर चार पाली, प्रत्येकीची हद्द ठरलेली, एक दुसरीच्या हद्दीत गेली की पळापळ. नऊपर्यंत दिव्याखाली पाच-सहा भेक, पाटावर बसल्यासारखे ओळीत. आणि दहाच्या सुमाराला दगडी जोत्याच्या फटीतून एक कवड्या अर्धा बाहेर आला, जीभ लपलप करत थांबला आणि पालीच्या रोखानं वर सरकला. म्हणजे दिवा आपण लावला, किडे दिव्याला आले, पाली किड्यांना आणि साप पालींना. यात सापाला तुमच्याशी काहीही घेणंदेणं नव्हतं.

मग सकाळी त्या नजरेनं आवार पाहिलं. कमळाचं तळं, चुना न भरलेल्या रचीव दगडांच्या भिंती, रोज पाणी घातलेली हिरवळ, स्वयंपाकघरामागे उघडी कचराकुंडी. बेडूक, फटी, ओलावा, उंदीर. सापासाठी यापेक्षा चांगलं रिसॉर्ट बांधता आलं नसतं. मी मॅनेजरला म्हटलं, निदान खोलीच्या दारावरचे दिवे मंद पिवळे करा, किडे कमी येतील. तो म्हणाला, गेस्टना अंधार आवडत नाही. त्याचंही खरंच आहे.

नळीवाला

आमच्याकडे साप नव्हता, बागेतली पाण्याची नळी होती. पण ते मला कुंडी फोडल्यावर कळलं. कुंडीचे पैसे बिलात आले.

चष्मिस

माझा वैरी माकड. बालीला गेलो होतो, तिथलं उलुवातूचं देऊळ समुद्रकड्यावर आहे. गाडीवाल्यानं सांगितलं होतं, चष्मा काढून खिशात ठेवा. मी म्हटलं, चष्म्याशिवाय मला समुद्रसुद्धा दिसणार नाही, देऊळ काय दिसणार. पाचव्या मिनिटाला मागून खांद्यावर हलकासा भार आला आणि जग धूसर झालं.

तिथली माकडं वस्तू पळवतात आणि खाऊ मिळाला की परत करतात. ही ऐकीव गोष्ट नाही, संशोधकांनी त्यांचा रीतसर अभ्यास केलाय. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की वयानं मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू हेरून पळवतात आणि तिच्या बदल्यात जास्त किंवा अधिक आवडीचा खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. पिल्लांना हा हिशेब जमत नाही, ती मोठेपणी शिकतात. माझं माकड चांगलंच मुरलेलं असावं. तिथल्या माणसानं पहिलं फळ दिलं, ते त्यानं खाल्लं आणि चष्मा काखेतच. दुसरं दिलं, तेही खाल्लं. तिसऱ्याला चष्मा खाली टाकला, एक काडी चावून.

मुक्कामाच्या रिसॉर्टवर गच्चीत पाटी होती, 'माकडांना खायला देऊ नका'. पाटीच्या खालीच एक कुटुंब बिस्किटं देत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबाच्या सरकत्या दारातून माकड आत गेलं तेव्हा केवढा आरडाओरडा! दार सरकवायचं त्याला कोणी शिकवलं असेल, सांगा.

सूर

पहाटे साडेसहा, तलावात अजून कोणी नाही, म्हणून मी उडी मारायच्या बेतात. आत आधीच एक जण पोहत होता. सहा फुटी धामण. भिंतीकडेनं गोल गोल. आधी वाटलं मजेत पोहतेय. मग लक्षात आलं की दर फेरीला ती काठाशी डोकं वर काढतेय आणि टाइल्सवरून घसरून परत पाण्यात पडतेय. तिला बाहेर पडता येत नव्हतं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, दमलेली दिसत होती.

दोन कामगार आले, एकाच्या हातात लांब झाडू. "नाग आहे साहेब, मारतो." धामणीच्या नशिबी हे नेहमीचंच. बिनविषारी, उंदीर खाणारी, पण लांबलचक असल्यामुळे नाग समजून मार खाते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, मलाही तेव्हा खात्री नव्हती. पण पाण्यातल्या जनावराला मारायचं म्हणजे काय? बांधकामाची एक फळी पडली होती, ती तिरकी करून काठावरून पाण्यात सोडली आणि सगळे दहा पावलं मागे झालो. दुसऱ्या फेरीला तिला फळी सापडली. सरसर वर, कुंपणाकडे आणि गायब.

त्या दिवशी पोहलो नाही. भीतीनं नव्हे, गाळणीच्या टोपलीत मेलेले चार बेडूक पाहून.

सरळवाट

ऑफिसची सहल. पाणवठ्याकडच्या उंच झाडाला आग्यामोहोळ लटकत होतं, एक नाही, तीन. आम्ही त्याच्या खालीच शेकोटी पेटवली, अर्थात कोणीच वर पाहिलं नव्हतं. रात्री काही झालं नाही. सकाळी राख धुमसत होती, कुणीतरी ओला पाला टाकला, धूर सरळ वर.

पुढची दहा मिनिटं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. कोणी डोक्यावर टॉवेल घेतलेला, कोणी हात झाडत जागच्या जागी नाचणारं. हात झाडणं सगळ्यात वाईट. मधमाशी डसली की काटा कातडीत राहतो आणि तिथून एक वास सुटतो, बराचसा पिकलेल्या केळ्यासारखा. बाकीच्यांसाठी तो इशारा, 'इथे डसा'. म्हणून एक डसली की दहा येतात. आमच्यातल्या एकानं पाण्यात उडी मारली. माश्या वर घिरट्या घालत राहिल्या आणि श्वास घ्यायला डोकं वर आलं की डोक्यावरच. त्याचा चेहरा दोन दिवस ओळखू येत नव्हता. जे सरळ खोलीत पळाले आणि दार लावून बसले, ते दोन-चार दंशांवर सुटले.

काटा नखानं काढा, चिमट्यानं काढा, पण लगेच काढा. पद्धतीवरून भांडत बसलात तर तोवर विष आत जात राहतं. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना.

भरतीओहोटी

समुद्राकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून. एका बेटावरच्या रिसॉर्टवर ओहोटीच्या वेळी मुलीनं खडकातून एक शंख उचलला. निमुळता, तपकिरी जाळीची नक्षी, इतका देखणा की मी म्हटलं घरी नेऊ. नाववाला लांबून ओरडला, "टाका, टाका!" तिनं दचकून टाकला.

तो कोनशंख होता, आणि आत जिवंत गोगलगाय. ही गोगलगाय बाणासारखा पोकळ दात फेकून मारते आणि त्यातून विष सोडते. बहुतेक जाती मासे किंवा किडे मारण्यापुरत्याच असतात, पण काही जातींच्या दंशानं माणसं मेली आहेत, आणि त्यावर प्रतिविष नाही. घरी येऊन वाचलं तर गंमत अशी की याच कुळातल्या एका शंखाच्या विषावरून बनवलेलं वेदनाशामक औषध अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालंय. मुलगी आता प्रत्येक शंखाला आधी काडीनं डिवचते. काडीनंही नको, असं मी सांगत असते.

झोपमोड

माझा प्राणी मुंगीएवढा. लांबट, लाल-काळा, दिव्याला येतो. पावसाळ्यात रिसॉर्टवर मानेवर वळवळला म्हणून झोपेतच चिरडला. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखा लांब पट्टा आणि फोड. डॉक्टर म्हणाले, हा चावत नाही, चिरडला की त्याच्या अंगातल्या पेडेरिन नावाच्या द्रव्यानं कातडी भाजते. तेव्हा फुंकर मारा, चिरडू नका. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

डॉक्टरीण

सापाचं चाललंय म्हणून माझंही. सुट्टीवरच होते, पहाटे पाचला दार वाजलं. शेजारच्या तंबूतल्या बाई, "ह्यांच्या पोटात दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत." गृहस्थ जमिनीवर गादी टाकून झोपलेले. अंगावर खूण शोधून सापडेना. पापण्या मिटत चाललेल्या, बोलणं जड, थुंकी गिळवत नव्हती. हे चित्र मण्यारीचं. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. लोक समजतात रात्रीचं जेवण बाधलं.

गाडीत कुशीवर झोपवून नेलं, वाटेतच रुग्णालयाला फोन केला. त्यांना काही दिवस व्हेंटिलेटर लागला, पण चालत घरी गेले.

कुणाला साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-कडी काढा, हात किंवा पाय फळीला बांधून हलेनासा करा, चालवू नका, आणि निघा. सापामागे धावण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असतं, त्यामुळे मारलेला साप पिशवीतून आणायची गरज नसते. आम्ही लक्षणं बघतो, रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. जगभरात दरवर्षी 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं यानं दगावतात, असा त्यांचा अंदाज आहे.

घरकोंबडी, मुलं खाली झोपली होती का? पुढच्या वेळी पलंग, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. साप कवड्या निघाला तरीही.

घरकोंबडी

मुलं खालीच झोपली होती. पहिली रात्र. वाचून पोटात गोळा आला.

फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. डोकं दिव्याच्या उजेडात पांढरं झालंय, पण मान दिसते. पट्टे मानेपासूनच आहेत, पुढचे जाड, शेपटीकडे जवळजवळ नाहीतच. आणि दिव्याच्या मागे, आम्हा कुणाच्याच लक्षात न आलेलं, पालीचं शेपूट. रानभूल, तुमचं बरोबर.

सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते दिवसभर खुशीत आहेत. सासूबाई म्हणाल्या, "कवड्या असो नाहीतर अजून कोणी, पुढच्या वेळी न्हाणीला छप्पर बघून घे."