"तुला काय कळतंय त्यातलं?" : तुमचे अनुभव लिहा

बाई बोलली की ते तिचं मत आणि तेच पुरुष बोलला की माहिती, असं तुमच्या बाबतीत झालंय का? उलटं झालं असेल तरी लिहा. थिअरी नको, घडलेलं सांगा.

*

मी डेटाबेसचं काम करते. सिस्टीम स्लो का होतेय ते मीटिंगमध्ये सांगितलं, इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी यादी) नाहीये म्हणून क्वेरी, म्हणजे माहिती शोधायची आज्ञा, अख्खं टेबल चाळत बसते, तर "बघू" म्हणाले. थोड्या वेळाने ज्युनिअर मुलगा तेच बोलला आणि लगेच "हां, पॉइंट आहे". तो बिचारा म्हणाला पण की मॅडमनी मघाशीच सांगितलंय, तरी मिनिट्समध्ये नाव त्याचंच.

*

आयसीयूत नर्स आहे. हार्ट अटॅकमध्ये बायकांनाही छातीत दुखतंच पण सोबत दम लागणं, मळमळ, जबडा नाहीतर पाठ दुखणं हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, आणि आम्हाला शिकवताना याला 'अटिपिकल' म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं म्हणायचे. अर्धी माणसं अटिपिकल! अभ्यासच जास्त करून पुरुषांवर झालेले ना. अमेरिकेत 1977 च्या गाइडलाइनने मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं ते थेट 1993 पर्यंत. झोल्पिडेम ही झोपेची गोळी, तिचा बायकांसाठीचा डोस तिथे 2013 मध्ये 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला कारण सकाळी त्यांच्या रक्तात औषध जास्त उरतं. तोवर "सकाळी गुंगी जात नाही" म्हणणाऱ्या बायकांना काय काय ऐकावं लागलं असेल, मी रोज ऐकते तेच.

*

मी बाप. बाळाचं लसीकरण, ताप, औषधं सगळं माझ्याकडे असतं, पण डॉक्टर प्रश्न विचारतात बायकोकडे बघून आणि ती माझ्याकडे बघते :) गंमत म्हणजे तिला काही माहीत असलं तरी क्रेडिट नाहीच, आईला म्हणे आपोआप कळतं. अहो ती पण वाचून, विचारून, रात्री जागूनच शिकलीये.

*

बेन बॅरेस आठवले. न्यूरोबायॉलॉजिस्ट, ट्रान्स पुरुष. त्यांनी 2006 मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलंय, त्यांच्या लेक्चरनंतर कुणीतरी म्हणालं की याचं काम याच्या बहिणीपेक्षा खूप चांगलंय. बहीण म्हणजे आधीचे, बाई म्हणून ओळखले जायचे तेव्हाचे तेच.

*

सगळं पुरुषांवर ढकलू नका हं. माझ्या पीएचडीच्या गाइड बाईच होत्या, मुलींनी रिझल्ट दाखवला की "परत चेक कर", मुलांना "छान, लिहायला घे". एकदा मी तोंडावर विचारलं तर म्हणाल्या, बाहेर तुला कोण सोडणारे, म्हणून इथेच पक्कं करून घेते. आता हे बरोबर की चूक ते मला अजून ठरवता येत नाही.