७३९३९१३३ म्हणजे नुसती करमणूक?

मंगळवार पेठ: काल इथं एकानं लिहिलं, "७३९३९१३३ चं कौतुक म्हणजे अंकांची करमणूक, गणित नव्हे." डोकं फिरलं वाचून. ही मूळ संख्या आहे. उजवीकडचा एकेक अंक काढत चला: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. दर वेळी मूळ संख्याच उरते! अशा एकूण ८३, त्यांत ही सगळ्यात मोठी. हिच्या उजवीकडं १ किंवा ७ लावला तर अंकांची बेरीज ३९ किंवा ४५, लगेच ३ नं भाग जातो. ३ किंवा ९ लावूनही मूळ संख्या मिळत नाही. सम अंक आणि ५ चा प्रश्नच नाही. मूळ संख्या अनंत, आणि ह्या ८३ वर थांबतात. ही करमणूक?

राजारामपुरी: ते मीच लिहिलंय आणि परत लिहितो. हे सगळं दहाच्या पायावर, म्हणजे आपण संख्या दहा अंकांत लिहितो म्हणून. तीनाचा पाया घ्या, म्हणजे ०, १, २ एवढ्याच अंकांत लिहा: अशा संख्या २, ७, २३, ७१ (तिथं लिहायच्या २, २१, २१२, २१२२), संपलं. पाया बदलला तरी टिकतो तो संख्येचा गुण. असल्या कौतुकातूनच एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या गाडीच्या पाटीवर अंकांची बेरीज (एकच अंक उरेतो करत) ९ यावी म्हणून पैसे मोजणारे तयार होतात. माझ्या चुलतभावानं कर्ज काढलं नंबरासाठी! १ ते ९९९९ मध्ये असले ११११ नंबर आहेत, दर नववा.

उत्तरेश्वर: पाटीवर बोलायचं काम नाही. आमच्या पहिल्या ट्रकची बेरीज ९ होती, त्यावरच धंदा उभा राहिला.

राजारामपुरी: तुमच्या कष्टावर राहिला, दादा.

शाहूपुरी: नवाला नावं ठेवू नका. आमच्या गुळाच्या अडतीत वडील बेरजेचा ताळा नवानंच बघायचे, म्हणजे आकड्यांना ९ नं भागून उरणाऱ्या बाक्या जुळतात का ते. १०, १००, १००० ला ९ नं भागा, बाकी १ च. म्हणून नुसती अंकांची बेरीज पुरते. हेही दहाच्या पायामुळंच. मग हे गणित न्हवं?

राजारामपुरी: ५४ च्या जागी ४५ लिहा. ताळा जुळतोच.

शाहूपुरी: म्हणून तर रोजमेळात ९ नं भाग जाणारा फरक आला, की वडील आधी उलटे पडलेले अंक हुडकायचे. रात्री अकरालासुद्धा सापडायचे. तुम्ही कधी रोजमेळ लिहिलाय का?

शिवाजी पेठ, शिक्षिका: देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ दाखवला, तोही दहाच्या पायातलाच. सगळे अंक सारखे नसलेली चारअंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेली वजा करा, हेच करत राहा, शेवटी ६१७४ च येतो. भारतातल्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. माझ्या वर्गात मात्र तो फळ्यावर लिहिला, की एरवी वही न उघडणारी पोरं वजाबाक्या करत बसतात.

राजारामपुरी: ताळ्याचं मान्य, त्यामागं कारण आहे. ८३ ला सिद्धता कुठाय? नुसतं तपासलंय.

मंगळवार पेठ: सगळ्या शक्यता तपासून संपवणं हीच सिद्धता! एकअंकी ४, दोनअंकी ९, आठअंकी ५, नऊअंकी एकही नाही. एकही नाही म्हटल्यावर पुढं काय वाढणार?

राजारामपुरी: बरं, सिद्धता झाली. एवढंच देतो. पाया दहाचा आहे, हे माझं म्हणणं आहे तिथंच आहे.