मदत हवी आहे: न्युरेंबर्गचं कोकरूवालं १/३२ डुकाट (युरोपातलं जुनं सोन्याचं नाणं), कडेला डाख (धातू जोडायला वितळवलेला सांधा) आहे का?

मंडळी नमस्कार,

कामानिमित्त न्युरेंबर्गला असतो. गेल्या शनिवारी नाण्यांच्या बाजारात एक सोन्याचं नाणं घेतलं. नाणं कसलं, टिकलीच! व्यास साडेपाच मिमी. एका बाजूला झेंडा घेतलेलं कोकरू, दुसऱ्या बाजूला शहराची ढाल. शिंकलो तर उडेल म्हणून घरात पंखाही लावत नाही.

जे वाचलं ते असं: अख्खं डुकाट साधारण ३.४९ ग्रॅम, सोनं ९८६ टंचाचं. त्याची अर्धा, पाव करत करत थेट १/३२ पर्यंत छोटी नाणी पाडली, म्हणजे ०.११ ग्रॅम. आपल्याकडचा सोन्याचा पणमसुद्धा (दक्षिणेतलं जुनं चिमुकलं नाणं) याच्यापुढे दांडगा. मोठ्या डुकाटवर १७०० साल असतं, पण तेच साल ठेवून ती पुढे बराच काळ पाडली गेली म्हणतात. माझ्या टिकलीवर तर सालच नाही.

अडचण अशी की कोकराच्या डोक्यावर, अगदी कडेला, मोहरीएवढा फिकट ठिपका आहे. ही नाणी लोक भेट द्यायचे, कडी लावून गळ्यातही घालायचे. विक्रेता म्हणतो, 'कडी कधीच नव्हती.' माझ्या काट्यावर वजन ०.१२ येतं. डाख असेल तर किंमत पडते ना? सुट्टीत पुण्याला येईन तेव्हा सराफाकडे नेऊ का?

प्रतिसाद १:
सराफाकडे नेलंत तर तो सवयीने कसोटीवर घासेल. ०.११ ग्रॅममधलं घासून उरणार काय? आणि तुमचा काटा शंभराव्या भागापर्यंतच दाखवतो, तेव्हा ०.११ की ०.१२ यावर डोकं शिणवू नका. हजारावा भाग दाखवणारा काटा मिळवा. पाण्यात बुडवून घनता काढायच्या फंदात तर पडूच नका.

दहापट भिंगाखाली तिरका उजेड टाकून कड बघा. डाख वितळून पसरतो, नाण्याच्या कडेने उठवलेले बारीक दाणे बुजवतो. कडी काढून कानस मारली असेल तर समांतर ओरखडे दिसतील. दोन्ही बाजूंचे फोटो टाका. पुसू मात्र नका.

धागाकर्ता:
भिंग लावलं. ठिपक्याखालचे तीन दाणे बुजलेत, वर बारीक रेघा आहेत. विक्रेत्याकडे पावती घेऊन शनिवारी जातो.