पाच लाखांचे विमासंरक्षण आधी, की तालुक्याला भूलतज्ज्ञ आधी?

धागाकर्ता:
आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आहे, टेबल आहे, वरचा मोठा दिवाही आहे; पण भूलतज्ज्ञाचे पद कित्येक महिने रिकामे असल्यामुळे दाराला कुलूप आहे. गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका मुलीला सिझेरियनसाठी इथूनच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. दीड तासाचा तो प्रवास तिच्या आईने मुलीचा हात हातात धरून केला. त्या कुटुंबाकडे सरकारी आरोग्यविमा योजनेचे कार्ड होते. त्या दीड तासात त्या कार्डाचा काहीही उपयोग झाला नाही.

माझे म्हणणे असे की आरोग्यव्यवस्था टिकाऊ करायची असेल, तर सरकारी पैसा आधी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय या तीन पायऱ्यांवर गेला पाहिजे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, तो 1.84 टक्केच दिसतो. एवढ्या तोकड्या रकमेतून विम्याची व्याप्ती वाढवत नेली, तर पायरीवरच्या दवाखान्याच्या वाट्याला काय उरणार? पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे आरोग्यव्यवस्थेसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 सालीच लिहून ठेवले आहे, आणि त्यासाठी तिने मार्ग सांगितला तो सरकारी आरोग्य केंद्रांच्या जाळ्याचा.

लेखापाल:
आपल्या नात्यातील मुलीचा प्रसंग वाचून वाईट वाटले, तरीही निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या मेहुण्यांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा होते आणि ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, म्हणजे राज्याच्या आरोग्यविमा योजनेतून होते. रुग्णालयाच्या दारातच योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका पाहतो, कागद पुढे पाठवतो. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली नसती, तर आमची दोन एकर जमीन केव्हाच विकली गेली असती. ‘आधी पदे भरा, मग विम्याचे बघू’ असे म्हणताना, पदे भरेपर्यंत या माणसांनी काय करायचे, हेही सांगायला हवे.

शिवाय आकडे पाहा. एकूण आरोग्यखर्चातला रुग्णाच्या खिशातून जाणारा हिस्सा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. योजनांनी काहीच साधले नाही, असे म्हणता येत नाही.

धागाकर्ता:
आपल्या मेहुण्यांचे उपचार बंद व्हावेत असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. प्रश्न नव्या रुपयाचा आहे. पण 39.4 टक्क्यांच्या आकड्याबद्दल एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्यातला घरगुती खर्चाचा अंदाज 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर बेतलेला आहे, आणि आयुष्मान भारतची जन आरोग्य योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. म्हणजे निदान या केंद्रीय योजनेला तरी त्या घसरणीचे श्रेय देता येत नाही. दुसरे असे की या विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या माणूस जन्मभर घेतो, आणि त्यासाठी दाखल होत नाही.

निवृत्त आरोग्यसेविका:
दोघांचेही वाचले. एकोणतीस वर्षे उपकेंद्रात काढल्यावर मला वाटते की या वादात गोळ्यांचा मुद्दा ओझरता आला आणि राहून गेला. दवाखान्यात डॉक्टर हजर असतात, केसपेपर निघतो, आणि खिडकीवर महिन्याच्या ऐवजी दहाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, कारण पुरवठा तेवढाच आलेला असतो. म्हातारा माणूस दहा दिवसांसाठी पुन्हा वडाप करून येत नाही. तो गोळी सोडतो, आणि पुढे अर्धांगवायू होऊन दाखल झाला की त्याच्यावर योजनेतून मोठा खर्च होतो. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, जिल्हावार गोदामे उभारली, आणि प्रत्येक दवाखान्याला औषधांच्या हिशेबाचे पासबुक दिले. आपल्याकडे 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन या सरकारी संस्थेकडे गेली, 2023 मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण आले. व्यवस्था सारखी बदलत राहिली की खाली साठा तुटतो, हे मी स्वतः कपाट उघडून पाहिले आहे.

आणि कंत्राटावर काम करणाऱ्या आरोग्यसेविका मुलींबद्दल कोणीच बोलत नाही. शिकवून तयार केलेली मुलगी बरी नोकरी मिळताच निघून जाते, आणि तिच्या वहीतले रुग्ण कोणाचेच राहत नाहीत.

लेखापाल:
ताई, औषधांबाबतचे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. भूलतज्ज्ञाबाबत मात्र माझी शंका कायम आहे. पद मंजूर केले म्हणून माणूस येत नाही. शिक्षणानंतर सरकारी सेवा करण्याच्या बंधपत्राची सक्ती असूनही अनेक जण दंड भरून मोकळे होतात. योजनेत सरकारी रुग्णालयेही आहेत आणि केलेल्या उपचारांच्या दाव्याची रक्कम त्यांनाही मिळते. ती तिथल्याच कामासाठी व कर्मचाऱ्यांसाठी वापरू दिली, तर तालुक्याला तज्ज्ञ आणण्याचा तोच मार्ग ठरू शकेल.

धागाकर्ता:
हा विचार मी केला नव्हता, आणि तो मोलाचा आहे. तरीही एक अडचण दिसते. ज्या शस्त्रक्रियागृहाला कुलूप आहे, तिथून दावा जाणारच नाही, त्यामुळे पैसा जिथे आधीच डॉक्टर आहेत तिथेच जाईल. थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठी तीस बाटमध्ये (बाट हे तिथले चलन) उपचारांची योजना आणली, पण त्यापूर्वी कित्येक वर्षे त्यांनी जिल्हापातळीवरची रुग्णालये बांधली होती, आणि नव्या डॉक्टरांची सक्तीची ग्रामीण सेवा तर 1972 पासूनची आहे. तिथे गेलेल्यांना वाढीव भत्ताही दिला गेला. आपणही दुर्गम तालुक्याला पहिली काही वर्षे दाव्यांची वाट न पाहता थेट रक्कम द्यावी, आणि शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर आपण म्हणता तसा दाव्यांचा पैसा तिथेच ठेवावा, असे मला सुचवावेसे वाटते.

निवृत्त आरोग्यसेविका:
त्या थेट रकमेत भूलतज्ज्ञासाठी राहण्याजोगे घरही धरा. आमच्याकडे आलेल्या एका डॉक्टरीणबाई गळक्या क्वार्टरमध्ये तान्ह्या बाळाला घेऊन दोन महिने राहिल्या आणि मग बदली मागून गेल्या. त्यांचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही.