मदत हवी आहे: पार्किन्सन्समुळे चालताना पाय अटकतात, सारवलेल्या घरात पट्ट्या कशा आखू?

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, पार्किन्सन्स आहे. वय ६८. नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टांकडून लिव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत. हाताचा कंप त्यांनी बराच आटोक्यात आला. औषधांचं डॉक्टर बघतील, माझा प्रश्न चालण्याचा आहे.

सपरीतून आत येताना उंबरठ्यापाशी पोचले की त्यांचे पाय अटकतात. टाचा उचलतात, पाय जागच्या जागी थरथरतात, पण पाऊल पुढे पडत नाही, आणि वरचं अंग मात्र पुढे झुकत जातं. न्हाणीपाशी वळतानाही तेच. त्यात मागून कोणी हाक मारली किंवा हातात तांब्या असला तर आणखीच वेळ लागतो. घरी येणारा-जाणारा "धरून ओढा त्यांना" म्हणतो. ओढलं की ते पडायला होतात, म्हणून ओढणं आम्ही बंद केलंय.

पण वावरात गेले की वेगळंच दिसतं. पऱ्हाटी लहान असते तेव्हा ते तास (पिकाच्या ओळी) आडवे ओलांडत जातात, टोंगळ्यातून पाय उचलून, प्रत्येक तासावरून स्वच्छ पाऊल. तिथे अटकत नाहीत. धुऱ्यावरच्या सपाट पायवाटेवर आले की पुन्हा अटकले. शेजारचे म्हणतात, वावरात चालता येतं मग घरात का नाही, म्हातारा सोंग करतो. हे ऐकून त्यांचे डोळे भरून येतात, आणि मला फार राग येतो.

वाचत गेले तेव्हा कळलं की हे नवलाचं नाही. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. चालताना पाय अटकून पडणारा तो माणूस सायकल मात्र व्यवस्थित चालवायचा. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना सपाट जमिनीवर चालणं अवघड जायचं, पण जिना ते सहज उतरायचे. म्हणून त्यांनी जमिनीवरच जिन्याचं चित्र लावून पाहिलं आणि काका त्यावरून चालले.

मग मी सपरीत चुन्याने आडव्या पट्ट्या ओढल्या. मामाजी त्यांवरून चालले, उंबरठाही पार केला. पण जमीन शेणाने सारवलेली, चुना पायाखाली निघून जातो आणि पुढच्या सारवणात उरलासुरलाही झाकला जातो. चिकटपट्टी तर धरतच नाही. बांबूच्या कामट्या ठोकू का? पट्ट्यांमध्ये अंतर किती ठेवू? मामाजींना अजून सायकल येते, ती चालवू द्यावी का? फिजिओथेरपिस्टकडे यवतमाळला जावं लागतं, रोज जाणं होत नाही. घरी करता येण्यासारखं जे असेल ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी शेजाऱ्यांना सांगा की हे सोंग नाही. सवयीचं चालणं मेंदूच्या आत खोलवरच्या भागांतून आपोआप चालतं, आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की तोच भाग अडखळतो. समोर ओलांडायला रेघ दिसली की माणूस लक्ष देऊन पाऊल टाकतो, तेव्हा मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. तास ओलांडताना तेच होतं.

कामट्या अजिबात ठोकू नका. जमिनीच्या वर आलेली कुठलीही वस्तू पायात अडकेल. सुटी चटईही नको, ती सरकते. अंतर त्यांच्या स्वतःच्या चांगल्या पावलाएवढं, बहुतेकांना दीड फुटाच्या आसपास जमतं. औषधाचा असर असताना त्यांना चालवून बघा आणि त्यावरून ठरवा.

अटकले की पहिलं काम थांबणं. पुढे रेटायचं नाही. सरळ उभं राहायचं, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर डोलवायचा, आणि मग एक मोठं पाऊल. तुम्ही समोर उभ्या राहून तुमचं पाऊल त्यांच्यासमोर आडवं ठेवलं, तर ते ओलांडतानाही पाय सुटतो. न्हाणीपाशी जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नका, बैलगाडी वळते तसा मोठा फेरा घेऊन वळायचं. चालताना बोलणं नाही, हातात तांब्या नाही.

ताल मोजणारं मेट्रोनोम ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. ठोका त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा किंचित हळू ठेवा. जलद ठेवलात तर पावलं आखडून पळाल्यासारखी होतील. मोबाईल नसेल तर टाळी चालते. व्यायाम गोळीचा असर असतानाच करवा. उठताना चक्कर येते का तेही विचारा. या आजारात उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतो, तसं होत असेल तर डॉक्टरांना कळवा.

सायकल रस्त्यावर नको. चालवताना जमेलही, धोका चढता-उतरताना आणि थांबताना आहे. जागेवरची व्यायामाची सायकल मात्र चांगली.

प्रतिसाद २

आमच्या आईलाही हाच आजार, आम्ही आर्णीकडचे. आम्ही पूर्ण घर फोडलं नाही. खाटेपासून न्हाणीपर्यंत तेवढाच अडीच फुटांचा कोबा केला, बाकी जमीन सारवलेलीच. कोबा घोटून गुळगुळीत करू नका, ओला झाला की पाय घसरतो. वाळल्यावर पिवळ्या ऑइलपेंटने आडव्या रेघा मारल्या. उंबरठा काढून टाकता आला तर काढाच, सासूबाईंना नीट समजावून. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला थापतो, त्यामुळे साधी चप्पल बंद करून मागे पट्टा असलेली सँडल घेतली, आणि दारातच चिखल खरवडायला पत्रा लावला. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून माहिती देतं, ते जरूर बघा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तुमचं पाऊल-आडवं-ठेवण्याचं आज करून बघितलं, मामाजींनी लगेच पाय उचलला. कोबा सोयाबीन निघाल्यावर करू, यांच्याशी बोलणं झालंय. उंबरठ्याचं सासूबाईंना विचारायचं आहे, त्या रोज त्याची पूजा करतात, म्हणून जरा वेळ घेते.

एक राहिलं. आमच्याकडे रात्री लाईट जाते आणि मामाजींना रात्री न्हाणीत जावं लागतं. अंधारात पिवळ्या रेघा दिसणार नाहीत. कोब्यावर चमकणारी रेडियमची पट्टी टिकते का, की खाटेखाली चार्जिंगचा दिवा ठेवणं बरं? कोणी वापरलं असेल तर सांगा.